सरकीचे तेल, ‘जीएम’चा शिक्का आणि आपली नियमनव्यवस्था

प्रश्न असा आहे: ‘आमचा शेव, चकली आणि चिवडा तयार करण्याचा छोटा गृहोद्योग आहे. तळणासाठी आम्ही सरकीचे रिफाइंड तेल वापरतो. जर्मनीतील एका मराठी दुकानदाराने आमचा माल घेण्याची तयारी दाखवली आहे, पण त्याला सोबत माल ‘जीएम’ (जनुकीय फेरफार केलेला) नसल्याचा दाखला हवा आहे. सरकी बीटी कापसाची असते हे आम्हाला ठाऊक आहे. मग हे तेल खाण्यात धोका आहे का? नसेल तर दाखला कशासाठी, आणि असेल तर आपल्याकडे ते कोणत्याही शिक्क्याविना कसे विकले जाते?’

तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न गुंतलेले आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांवर अवलंबून नाहीत. तेल सुरक्षित आहे का, हा विषशास्त्राचा प्रश्न आहे; दाखला का लागतो, हा आयात करणाऱ्या देशाच्या कायद्याचा; आणि पिशवीवर काहीच का लिहिलेले नसते, हा आपल्या प्रशासनाचा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देता येतात. नीट शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलातून, कापसात घातलेल्या जनुकामुळे आरोग्यास अपाय होतो असे मानण्यास मला आधार दिसत नाही. तरीही तुमच्या ग्राहकाला दाखला लागेलच, कारण युरोपचा कायदा धोक्याचे मोजमाप करून थांबत नाही, पदार्थ कशापासून बनला हेही विचारतो. तिसऱ्या प्रश्नाला मात्र सवडीने उत्तर द्यावे लागेल, कारण आपली दुखरी जागा तीच आहे. जोखीम कशी तपासायची हे आपल्याकडच्या शास्त्रज्ञांना चांगले माहीत आहे. परवानगी दिल्यानंतर तो माल पुढे कोणाच्या ताटात जातो, याचा माग ठेवणारे मात्र कोणी नाही.

सुरुवात सरकीपासूनच करू. मार्च २००२ मध्ये जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन संकरित कापूस वाणांना लागवडीची परवानगी मिळाली. मातीत राहणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस (म्हणजेच ‘बीटी’) या जिवाणूचे ‘क्राय१एसी’ हे जनुक त्यांत घातलेले होते, त्यामुळे बोंडअळीला मारक असे प्रथिन झाडाच्या पेशींतच तयार होऊ लागले. २००६ मध्ये ‘क्राय२एबी’ या दुसऱ्या जनुकाची भर पडली. आज देशातील कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी वाण आहेत, म्हणजे बाजारातून बिगर-बीटी सरकी वेगळी काढून घेणे जवळजवळ अशक्य आहे. हे प्रथिन अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात विरघळते, तेथील विशिष्ट ग्राहींना (पेशींवरील ठरावीक जागांना) चिकटते आणि आतड्याच्या भिंतीला छिद्रे पाडते. माणसाच्या जठरात आम्ल असते आणि आपल्या आतड्यात ते ग्राही नसतात. हाच जिवाणू फवारणीच्या रूपात सेंद्रिय शेतीतही अनेक दशकांपासून वापरला जात आहे.

आता तेलगिरणीत काय होते ते पाहा. जिनिंगमधून आलेल्या सरकीचे तेल काढले की ते लालसर काळपट दिसते. हा गडद रंग मुख्यतः गॉसिपॉलचा. गॉसिपॉल हे कापसाच्या झाडाने कीटकांपासून बचावासाठी स्वतः तयार केलेले विष आहे. ते कोणा प्रयोगशाळेने घातलेले नाही, देशी कापसातही ते असते, आणि पुरुषांच्या प्रजननक्षमतेवर त्याचा परिणाम होतो हे चीनमध्ये गर्भनिरोधक म्हणून झालेल्या चाचण्यांतून दिसले आहे. कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली की ते साबणाच्या गाळाबरोबर निघून जाते. मग तेल ब्लीचिंग मातीतून गाळले जाते, आणि शेवटी निर्वात पात्रात दोनशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून, वाफ सोडून त्याचा वास काढला जातो. या प्रवासात प्रथिने आणि डीएनए जवळजवळ पूर्णपणे निघून जातात. अशा तेलातून तपासणीपुरता डीएनए मिळवायचा म्हणजे भरपूर तेल घेऊन चिकाटीने काढावा लागतो, आणि तरीही तो कधी हाती लागतो, कधी लागत नाही. त्यामुळे सरकीच्या तेलाबाबत मला विचाराल तर गिरणीतील कॉस्टिकची प्रक्रिया नीट होते का, हे मी आधी विचारीन. जनुकाची चौकशी त्यानंतर.

सरकी पेंडीचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण पेंडीत प्रथिने शाबूत असतात आणि ती आपल्या गाई-म्हशी रोज खातात. ही प्रथिने जनावराच्या पोटात इतर प्रथिनांसारखीच पचतात, आणि दुधात बदललेले प्रथिन उतरते असा भरवशाचा पुरावा पुढे आलेला नाही. युरोपीय महासंघातही जीएम खाद्यावर पोसलेल्या जनावराच्या दुधावर किंवा मांसावर तसे लिहिण्याची सक्ती नाही.

हे सरकीच्या तेलापुरते झाले. त्यावरून ‘जीएम अन्न सुरक्षित आहे’ असा सरसकट निष्कर्ष काढू नये. ‘जीएम अन्न घातक आहे’ असाही काढू नये. कोणते जनुक, कोणत्या पिकात, त्या पिकाचा कोणता भाग आणि तो कोण किती खाणार, याची उत्तरे दर वेळी वेगळी असतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने २००३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे ठरवली, त्यांचा गाभा प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासण्याचा आहे, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००८ मध्ये आपल्यासाठी केलेली तत्त्वेही त्याच वाटेने जातात. नव्या प्रथिनाची रचना ज्ञात अ‍ॅलर्जीकारक प्रथिनांशी जुळते का, ते कृत्रिम जठररसात किती लवकर पचते, उष्णतेने नष्ट होते का, मूळ पिकातील पोषक आणि विषारी घटकांच्या प्रमाणात काही अनपेक्षित फेरफार झाला का, आणि उंदरांना नव्वद दिवस खाऊ घातल्यावर काय दिसते, असा हा क्रम आहे.

या तपासणीचा उपयोग होतो का? दोन प्रकरणे सांगतो. १९९० च्या दशकात अमेरिकेतील पायोनियर कंपनीने कोंबड्यांच्या खाद्यातील मेथिओनिन हा पोषक घटक वाढवण्यासाठी ब्राझील नटमधील एका प्रथिनाचे जनुक सोयाबीनमध्ये घातले. त्या नटची अ‍ॅलर्जी असलेल्या लोकांच्या रक्तद्रवाने नव्या सोयाबीनलाही प्रतिसाद दिला आणि ते वाण बाजारात न आणताच प्रकल्प सोडून देण्यात आला. विरोधक हे उदाहरण धोक्याचा पुरावा म्हणून देतात आणि समर्थक व्यवस्था चालते याचा पुरावा म्हणून. दोघांचेही बरोबर आहे.

दुसरे प्रकरण स्टारलिंक मक्याचे, आणि आपल्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे. त्यातील ‘क्राय९सी’ हे प्रथिन उष्णतेला दाद देत नव्हते आणि जठररसात सावकाश पचत होते, म्हणून अमेरिकेने १९९८ मध्ये त्याला केवळ पशुखाद्यासाठी परवानगी दिली. सप्टेंबर २००० मध्ये तो मका दुकानांतील टाको शेलमध्ये सापडला आणि माल देशभरातून परत मागवावा लागला. त्रास झाल्याची तक्रार करणाऱ्यांपैकी ज्यांचे रक्त तेथील सरकारी रोगनियंत्रण केंद्राने तपासले, त्यांच्यात त्या प्रथिनाविरुद्ध अ‍ॅलर्जीची खूण आढळली नाही. म्हणजे शास्त्रज्ञांची सावधगिरी योग्य होती आणि सुदैवाने अपायही दिसला नाही, पण ‘हा मका जनावरांचा, तो माणसांचा’ ही कागदावरची रेघ गोदामात टिकली नाही. एकाच कन्व्हेयरवरून, एकाच सायलोतून जाणारे धान्य परवान्यातील अटी वाचत नाही. कापूस हे ‘धाग्याचे पीक’ आहे असे म्हणून आपण सरकीच्या तेलाकडे जी वर्षानुवर्षे पाठ फिरवली, ती मला या प्रकरणाची भारतीय आवृत्ती वाटते.

तपासणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. अभ्यासासाठी लागणारी माहिती बहुतेक वेळा अर्जदार कंपनीच पुरवते, आणि नव्वद दिवसांच्या प्रयोगातून फार मंद गतीने होणारा परिणाम दिसेलच असे नाही. या आक्षेपांत तथ्य आहे. पण त्यांना उत्तर म्हणून पुढे आलेले काही अभ्यास अधिकच कच्चे निघाले. फ्रान्समधील सेरालिनी यांच्या २०१२ च्या प्रयोगातील, जीएम मका खाऊ घातल्यावर गाठी आलेल्या उंदरांची छायाचित्रे अजूनही फिरत असतात. त्या जातीच्या उंदरांना म्हातारपणी आपोआपच गाठी होतात, प्रत्येक गटात अवघे दहा उंदीर होते, आणि नियतकालिकाने तो निबंध २०१३ मध्ये मागे घेतला. पुढच्या वर्षी तो दुसरीकडे छापला गेला, पण त्यामुळे प्रयोगाची मांडणी सुधारली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला, तेव्हा बाजारात असलेल्या जीएम पिकांचे अन्न पारंपरिक पिकांच्या अन्नापेक्षा अधिक धोक्याचे असल्याचा पुरावा तिला मिळाला नाही.

माझ्या मते ग्राहकाने जनुकापेक्षा अधिक लक्ष द्यावे असा एक विषय आहे, तो तणनाशकांच्या अंशांचा. जगातील जीएम सोयाबीनचा मोठा भाग ग्लायफोसेट सहन करणारा आहे, म्हणजे पीक उभे असतानाच त्यावर ते तणनाशक फवारता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात टाकले. युरोपच्या आणि अमेरिकेच्या नियामकांनी प्रत्यक्ष वापराच्या मात्रांचा विचार करून वेगळे मत दिले. वाद काहीही असो, ग्लायफोसेट पाण्यात विरघळणारे आहे आणि रिफाइंड तेलात राहत नाही. ते शोधायचे तर दाण्यात, पिठात आणि पेंडीत शोधले पाहिजे, आणि तेथे त्याचे अंश नियमितपणे मोजले गेले पाहिजेत.

आता कायद्याकडे वळू. भारतात या विषयाचा पाया पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम हा आहे. संस्थेच्या पातळीवर एक समिती, तिच्यावर जैवतंत्रज्ञान विभागातील ‘आरसीजीएम’ ही आढावा समिती आणि शेवटी पर्यावरण मंत्रालयातील ‘जीईएसी’ म्हणजे जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती अशी उतरंड आहे. ‘जीईएसी’च्या नावातील ‘मंजुरी’ हा शब्द २०१० मध्ये जाऊन तेथे ‘मूल्यांकन’ आला. त्यामागे बीटी वांग्याचे प्रकरण होते. १४ ऑक्टोबर २००९ रोजी या समितीने महिकोच्या बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यास स्थगिती दिली. शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीसाठी वांग्यावर किती फवारण्या होतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला त्या तंत्राचे आकर्षण समजू शकते. आणि जळगावच्या भरिताच्या वांग्यापासून कृष्णाकाठच्या वांग्यापर्यंतची विविधता ज्याला ठाऊक आहे, त्याला परागसिंचनातून ही वाणे बीटीशी मिसळण्याची चिंताही समजू शकते. बांगलादेशाने २०१३ मध्ये तेच तंत्र स्वीकारले. आपल्याकडे स्थगिती कायम राहिली, पण २०१९ मध्ये हरियाणातील फतेहाबाद जिल्ह्यात एका शेतात बेकायदा बीटी वांगी सापडलीच.

मोहरीची गोष्टही अशीच अर्धवट आहे. दिल्ली विद्यापीठातील दीपक पेंटल यांच्या गटाने तयार केलेल्या ‘डीएमएच-११’ या जीएम मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय प्रसारणाची, म्हणजे उघड्या शेतात लावण्याची, परवानगी मिळाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ जुलै २०२४ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती संजय करोल यांच्यात परवानगीच्या वैधतेवर मतभेद झाला. त्या निकालातील एकमताचा भाग मात्र तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे: केंद्राने जीएम पिकांबाबत राष्ट्रीय धोरण आखावे, आणि जीएम अन्नाच्या, विशेषतः खाद्यतेलाच्या आयातीत अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २३ मधील आवेष्टन व लेबलविषयक अटी पाळाव्यात, असे दोन्ही न्यायमूर्तींनी म्हटले. वृत्तपत्रांचे मथळे मतभेदावर गेले आणि तेलाचे हे वाक्य फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

तेलाचे वाक्य तेथे येण्याचे कारण असे. अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येणारे सोयाबीन तेल मुख्यतः जीएम सोयाबीनचे असते. शुद्धीकरणानंतर वापरण्याच्या अटीवर अशा तेलाच्या आयातीला ‘जीईएसी’ने २००७ मध्येच परवानगी दिली होती. दुसरीकडे २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याचे कलम २२ सांगते की, कायद्याखाली तरतूद झाल्याशिवाय जीएम अन्नाचे उत्पादन, विक्री वा आयात करता येणार नाही. पण ती तरतूद करणारे विनियमच वेळेवर तयार झाले नाहीत. पर्यावरण मंत्रालय म्हणत राहिले की प्रक्रिया केलेल्या अन्नात सजीव काही नसते, त्यामुळे ते अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पाहावे. प्राधिकरण म्हणत राहिले की आमची यंत्रणा अद्याप सज्ज नाही. या दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत कित्येक वर्षे गेली. १ जानेवारी २०१३ पासून वजनमापे कायद्याखालील नियमांनुसार जीएम अन्न असलेल्या आवेष्टित वस्तूच्या दर्शनी भागावर ‘जीएम’ ही अक्षरे छापणे बंधनकारक झाले. तुमच्या स्वयंपाकघरातील तेलाची पिशवी उलटसुलट करून ती अक्षरे सापडतात का पाहा. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने २०१८ मध्ये बाजारातील ६५ खाद्यपदार्थ तपासले, तेव्हा सुमारे ३२ टक्के नमुन्यांत जीएम अंश मिळाले, त्यांत सरकीचे तेलही होते आणि आयात केलेले बालआहारही.

त्यानंतर हालचाल झाली ती आयातीच्या बाजूने. ऑगस्ट २०२० च्या आदेशाने प्राधिकरणाने मका, सोयाबीन, सफरचंद, पपई, बटाटा अशा २४ पिकांच्या आयातीसोबत जीएम नसल्याचे प्रमाणपत्र मागण्यास सुरुवात केली आणि अनवधानाने झालेल्या मिसळीसाठी एक टक्क्याची मर्यादा ठेवली. हा आदेश कच्च्या शेतमालाचा आहे. तेलासारखे प्रक्रिया केलेले पदार्थ त्यात बसत नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये जीएम अन्नाच्या विनियमांचा मसुदा निघाला, त्यात एक टक्का वा अधिक जीएम घटक असल्यास लेबलची आणि बालआहारात असे घटक न वापरण्याची तरतूद होती. पुढच्या वर्षी सुधारित मसुदा आला, हरकती मागवल्या गेल्या, आणि अंतिम विनियम लांबतच गेले.

याच काळात सरकारने स्वतःच रेघ किती पुसट आहे हे दाखवून दिले. ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबडीखाद्य महागले म्हणून १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करण्यास मुभा देण्यात आली, ती प्रामुख्याने न्हावाशेवा बंदरातून. पेंड उगवत नाही, म्हणून ती सजीव जीएम घटकांच्या व्याख्येत येत नाही, हा पर्यावरण मंत्रालयाचा युक्तिवाद होता. तांत्रिकदृष्ट्या तो चुकीचा नाही. पण जे सोयाबीन पिकवायला लातूरच्या शेतकऱ्याला बंदी आहे, त्याचीच पेंड त्याचा माल बाजारात येण्याच्या तोंडावर उतरवली, तेव्हा हे कोडे त्याला कोणी समजावून सांगितले नाही.

बेकायदा बियाण्यांची बाजू याहून गंभीर आहे. तणनाशक सहन करणारा ‘एचटीबीटी’ कापूस कोणत्याही समितीने मंजूर केलेला नाही, तरी ‘चोर बीटी’ या नावाने तो विदर्भात दरवर्षी पेरला जातो. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने तो उघडपणे पेरून आंदोलन केले. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य हवे, ही त्यांची मागणी मला अनाठायी वाटत नाही. माझी अडचण अन्नतपासनीस म्हणून आहे: त्या सरकीचेही तेल निघते, ते त्याच टाकीत जाते, आणि त्या वाणाची अन्न म्हणून कोणतीही कागदपत्रे कोणत्याही कार्यालयात मंजूर झालेली नाहीत. रिफाइंड तेल असल्याने प्रत्यक्ष अपायाची शक्यता कमी आहे, हे मी वर म्हटलेच आहे, पण तो पिकाचा योगायोग आहे, नियमनाचे यश नव्हे. हेच वांग्यात किंवा मक्यात घडले, तर मध्ये कॉस्टिक सोडा आणि दोनशे अंशांची वाफ नसेल. शिवाय शिक्षेचा धाकही सौम्य झाला आहे. पर्यावरण संरक्षण कायद्यातील पाच वर्षांपर्यंतच्या कैदेच्या जागी १ एप्रिल २०२४ पासून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आली.

मंजूर बियाण्यांच्या अटींचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. साडेचारशे ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीचे पाकीट मिळत असे, ते शेताच्या कडेने लावायचे, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर वाढू नये. किती बांधांवर ती पाकिटे न फोडता पडली असतील याची कल्पना कोणत्याही कृषी सेवा केंद्रवाल्याला विचारून येईल. गुलाबी बोंडअळीने दोन्ही जनुकांना दाद देणे बंद केले आणि २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. अट घातली होती. ती पाळली जाते का, हे पाहायला कोणी नव्हते.

जनुक-संपादनाचा नवा प्रकार थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या भाजणीतील तांदळाशी त्याचा उद्या संबंध येऊ शकतो. ज्या संपादनात बाहेरच्या जीवाचे जनुक शेवटी पिकात राहत नाही, अशा दोन प्रकारांना मार्च २०२२ मध्ये केंद्राने १९८९ च्या नियमांतील कडक तरतुदींतून वगळले, आणि मे २०२५ मध्ये अशा तांदळाच्या दोन वाणांची घोषणा झाली. युरोपीय न्यायालयाने मात्र २०१८ मध्येच जनुक-संपादित पिकांना जीएम कायदा लागू होतो असा निर्णय दिला होता. निर्यातदाराने हा फरक ध्यानात ठेवावा.

आता तुमच्या दाखल्याचे. युरोपीय महासंघात जीएमपासून बनलेल्या घटकाचा उल्लेख लेबलवर करावा लागतो, मग अंतिम पदार्थात डीएनए सापडो वा न सापडो. अनवधानाने झालेल्या मिसळीला ०.९ टक्क्यांपर्यंत सूट आहे, पण ती युरोपात मंजूर असलेल्या जीएम प्रकारांनाच. नामंजूर प्रकाराला अन्नात सूट नाही. भारतात मंजूर झालेले बीटी कापसाचे सगळे प्रकार युरोपात मंजूर नाहीत, आणि तुमच्या तेलात कोणकोणती सरकी मिसळली हे गिरणीवालाही सांगू शकत नाही. शेवेत तर तेल हा मोठा घटक असतो. त्यामुळे सरकीच्या तेलात तळलेल्या मालासाठी असा दाखला प्रामाणिकपणे देता येणार नाही. तयार शेवेची पीसीआर ही डीएनए शोधणारी चाचणी करून ‘आढळले नाही’ असा अहवाल मिळवता येईल, पण तळणाच्या रिफाइंड तेलात डीएनए सापडेलच असे नाही, त्यामुळे त्या अहवालाने तेलाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

चाचणी करायचीच असेल तर ती पिठांची आणि दाण्यांची करा. प्रयोगशाळा प्रथम ‘३५एस’ आणि ‘नॉस’ या डीएनएच्या दोन तुकड्यांचा शोध घेते, कारण बहुतेक जीएम पिकांत त्यांपैकी एक तरी असतो. ‘३५एस’ हा मुळात फुलकोबीवरील विषाणूचा तुकडा आहे. मसाल्यात मोहरी असेल आणि त्या पिकाला तो विषाणू लागलेला असेल, तर जीएम नसतानाही चाचणी होकारार्थी येते. असे झाल्यास घाबरून माल टाकून न देता पुढची, विशिष्ट प्रकारासाठीची चाचणी मागावी. नमुनाही पुरेसा हवा: ३०० दाण्यांत एकही सापडला नाही, तर मिसळ एक टक्क्याहून कमी आहे एवढेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते, ०.१ टक्क्यासाठी ३,००० दाणे लागतात. तांदळाच्या पिठाची चाचणी अवश्य करून घ्या, कारण जून २०२१ मध्ये भारतातून गेलेल्या तुकडा तांदळाच्या पिठात अनधिकृत जीएम अंश असल्याची नोंद युरोपच्या इशारा-यंत्रणेवर झाली होती. आपल्या वाणिज्य मंत्रालयाने भारतात जीएम तांदूळ पिकवलाच जात नाही असे सांगितले, पण तेथील खरेदीदार तेव्हापासून भारतीय तांदळाबाबत सावध आहेत.

निर्यातीच्या मालापुरते तेल बदलणे हाच सरळ मार्ग आहे. शेंगदाणा आणि सूर्यफूल या दोन्हींची जीएम वाणे जगात कोठेही व्यापारी लागवडीत नाहीत. चवीसाठी तुम्ही शेंगदाणा तेलाकडे वळाल, पण युरोपात शेंगदाणा हा अ‍ॅलर्जीकारक घटक म्हणून ठळकपणे छापावा लागतो आणि रिफाइंड तेलालाही त्यातून सूट नाही. म्हणून सूर्यफूल अधिक सोयीचे. तेल सीलबंद डब्यांत घ्या, सुट्या टँकरचे नको, आणि प्रत्येक लॉटसोबत पुरवठादाराचे लेखी निवेदन घेऊन लॉट क्रमांक तळणाच्या नोंदवहीत चढवा. कढईत आधीच्या तळणाचे उरलेले सरकीचे तेल राहू देऊ नका. पाकिटावर जर्मन भाषेत ‘जीएमविरहित’ अशा अर्थाचे काहीही छापू नका, कारण तेथे त्या दाव्याला स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र अटी आहेत. तुमच्या दाखल्यात वापरलेले घटक, त्यांचे लॉट क्रमांक, पुरवठादारांची निवेदने आणि तांदळाच्या पिठाचा चाचणी अहवाल एवढेच असावे, आणि त्याखालची सही नोंदवही प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या व्यक्तीची असावी.